मुलगी बघायच्या कॉललाच नेट संपलं

गड्यांनो, मी पलूसचा. इथं केरळात गलाईच्या दुकानात सोनं गाळायचं काम करतो. सुट्टी मिळंना, म्हणून आज दुपारी व्हिडिओ कॉलवरच मुलगी बघायचं ठरलं हुतं.

इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. मुलगी चहा घेऊन आली आन् कॉल अडकला. मेसेज आला, आजचा दीड जीबी डेटा संपला! सकाळपासून भट्टीवर हुतो, फोनला हात लावला नव्हता.

बघतोय तर हॉटस्पॉट चालूच. पासवर्ड म्हणजे आपल्या गावाचं नाव. या गल्लीत गलाईची सगळी पोरं आपल्याच तालुक्यातली, कुणाला उघडणार न्हाई?

खोलीतल्या संप्याला धरलं, तर हसत म्हणतो, "माझ्याकडं काय बघतोस रं? कंपनीनंच खाल्लं आसंल." मला त्याचाच दाट संशय हाय.

तेवढ्यात आईचा फोन. "मुलीचा मामा म्हणतोय, पोरगं कायतरी लपवतंय. नेमकं तोंड दाखवायच्या टायमालाच कसं बंद पडलं?"

जादा डेटा मारून मामाला चारदा कॉल केला. उचलत न्हाईत.

खरं सांगा, तुमी मुलीकडचे असता तर उचलला असता का?