धाकूने निवडलेल्या विटा

असल्फ्याच्या टेकडीवर धाकू परबाला सगळे गवंडी म्हणत, पण ती ओळख त्याच्या स्वतःच्या अंगाला अजून नीट बसली नव्हती. अर्धं आयुष्य परळच्या गिरणीत, कापड विणायच्या साच्यावर गेलेलं. संप झाला, भोंगा बंद पडला. पोट काही बंद पडत नाही. मग त्याला आठवलं, आपला बाप गावी चिरेखाणीवर होता आणि लहानपणी त्याच्या हाताखाली आपणही चिरे लावलेत. एक थापी घेतली, एक ओळंबा घेतला आणि धाकू झाला गवंडी.

पहिलं मोठं काम दिलं शेजारच्या सुंदराबाईने. ती त्याच्याच गावाकडची, तोंडाची फटकळ, पण एकदा माणूस आपला म्हटला की म्हटला. तिची लेक द्रौपदी पहिल्या बाळंतपणाला येणार होती आणि खोलीची मागची बाजू नुसत्या पत्र्याची. "पत्र्याच्या आडोशाक बाळंतीण ठेवू काय रे?" म्हणत तिने धाकूला टेकडीखाली विटा बघायला नेलं.

खाली नंदकुमारची विटांची वखार होती. एक ढीग लालभडक, एक पिवळट. धाकूने दोन लाल विटा एकमेकींवर आपटल्या, टणकन वाजल्या. पिवळ्या आपटल्या तर नुसतं थप झालं. नखाने ओरखडलं तर भुकटी निघाली. दुसरा कोणी गवंडी असता तर तिथूनच मागे फिरला असता. धाकूचा चेहरा मात्र उजळला.

"काकी, ह्योच घेवया. खाणीतलो नवो चिरो असोच मऊ असता. दोन पावस खाल्ल्यान की लोखंड होता!"

बापाचे शब्द होते ते, आणि चिऱ्याच्या बाबतीत अगदी खरे होते. जांभा चिरा खाणीत कुऱ्हाडीने तासावा इतका मऊ असतो, वारापाऊस लागला की घट्ट होत जातो. वीट म्हणजे चिरा नव्हे, एवढंच काय ते बापाने सांगितलं नव्हतं. गावी वीट होती कुठे सांगायला!

मग चुकीवर चूक चढत गेली. विटा लावण्याआधी हौदात भिजवतात, पण चिऱ्याला कोणी बुडवत नाही म्हणून धाकूने वरून चार शिंतोडे मारून त्या लावल्या. बुडवल्या असत्या तर तिथेच कळलं असतं. बाहेरून गिलावाही केला नाही. "पावस खावं दे तिका," म्हणाला. आतून मात्र चुना असा काढला की बघत राहावं. भिंत ओळंब्यात सरळ, सांधे रेखीव. सुंदराबाईने अख्ख्या गल्लीत त्याचं गुणगान केलं आणि धाकूच्या दाराशी माणसं यायला लागली. गिरणी गेल्यापासून मान खाली घालून चालणारा माणूस वर बघून चालायला लागला.

द्रौपदीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर मायलेकीची खाट त्याच भिंतीला लावली, कारण वारा न लागणारी जागा तेवढी एकच.

दुसऱ्या एका कामासाठी धाकू पुन्हा वखारीत गेला आणि पिवळ्या विटा मागायला लागला. नंदकुमारने सहज विचारलं, "भरावाला ना, काका?"

"भिंतीला. घट्ट होतील हळूहळू."

नंदकुमार खो खो हसला. "काय राव काका, कुणाची तरी वाट लावाल! वीट काय घट्ट व्हायची ती भट्टीतच होते. ह्या भट्टीच्या कडेच्या, आच न लागलेल्या. कच्ची निघाली ती जन्मभर कच्ची. पाणी लागलं की परत माती!"

धाकूने घरी येऊन उरलेली एक वीट बादलीत टाकली. बायको शेवंती ओरडली, "अवो, बादलीत वीट कित्याक?" दिवेलागणीला बादलीत हात घातला तेव्हा विटेच्या कडा गाळ होऊन त्याच्या बोटांत आल्या. मे संपत आला होता आणि ट्रॉम्ब्याच्या बाजूला रोज संध्याकाळी काळं धरत होतं.

त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. काही ना काही निमित्त काढून सुंदराबाईकडे जायचा, बोलता बोलता भिंतीवर हात ठेवायचा आणि तसाच उभा राहायचा. "काकी, भिंत दुपारची तापता. खाट हय दारापाशी घेवया," असं एकदा म्हणून बघितलं. "दाराक लावून बाळाक थंडी भरवू? तुका झाला काय?" सुंदराबाईने उडवून लावलं. "बाहेरून गिलावा करून देतंय, फुकट," असंही म्हणाला. तर ती म्हणते, "पावस खावं दे म्हणणारो तूच मां?"

शेवंतीला त्याने सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "जा नि सांगा. पोर आसा भिंतीखाली." तो उठायचा, दारापर्यंत जायचा आणि परत येऊन बसायचा. एकदा सांगितलं की संपलं, पुन्हा गिरणीतून काढलेला धाकू. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि त्या लाजेहूनही बाळासाठीची भीती मोठी होती, तरी जीभ उचलत नव्हती.

एका दुपारी वळवाची सर आली. टेकडीवरून पाणी घळघळत खाली निघालं, थेट त्या उघड्या भिंतीवर. धाकू जेवणावरून उष्ट्या हाताने धावला. "भायर! भायर निघा!" ओरडत त्याने बाळ उचललं, द्रौपदीला हाताला धरून ओढलं. गल्ली जमली. समोरच्या ओट्यावर बाळ टाहो फोडत होतं, सुंदराबाई शिव्या देत होती.

सर थांबली. भिंत जशीच्या तशी उभी.

"धाकूक दिवसा सपना पडतत," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सुंदराबाई म्हणाली, "मेल्या, ओल्या बाळंतिणीक पावसात काढलंस! भिंतीक काय झाला?"

तिथे गप्प बसणं किती सोपं होतं! भास झाला म्हटलं असतं तर चार दिवस चेष्टा झाली असती आणि नाव शाबूत राहिलं असतं. धाकूने क्षणभर बाळाकडे बघितलं. मग घरात गेला आणि पहार घेऊन आला.

पिकल्या फणसात सुरी जावी तशी पहार भिंतीत गेली. दुसऱ्या घावाला वरचे थर चिखलासकट खाली बसले, थेट जिथे खाट होती तिथे. धाकूने एक वीट उचलली, मुठीत दाबली आणि तो लगदा सुंदराबाईपुढे धरला.

"काकी, ह्यो विटो मीच निवडल्यो."

तिने एकदा त्या लगद्याकडे बघितलं, एकदा लेकीकडे. मग बाळ उचलून पाठ फिरवली. तिच्या शिव्या परवडल्या असत्या, असं धाकूला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. "थापी घे नि चल."

"मी? काकी, दुसरो कोण तरी बघ गो."

"दुसरो आपली भिंत आपण पाडीत काय? चल. विटो मी बघतंय."

वखारीत लाल ढिगापाशी पदर खोचून ती बसली आणि दोन-दोन विटा आपटून बघायला लागली. टणकन वाजेल ती धाकूकडे, थप होईल ती बाजूला. धाकू खाली मान घालून घेत राहिला. या वेळी त्याने विटा पिंपात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवल्या, बाहेरून गिलावा केला आणि रोज त्यावर पाणी मारलं. भिंतीपायी बाळाचं बारसंही लांबलं.

बारशाच्या दिवशी बाहेर पाऊस लागून राहिला होता. सुंदराबाईने धाकूला नव्या भिंतीपाशी बसवलं आणि बाळ त्याच्या मांडीवर दिलं. "टेकून बस मां नीट," म्हणाली.

"टेकतंय, टेकतंय," म्हणाला, पण टेकला नाही. बायका पाळणा म्हणत होत्या, बाळ त्याच्या मांडीवर झोपून गेलं होतं. त्याचा एक हात बाळाच्या अंगावर होता आणि दुसरा मागे, तळवा पसरून, भिंतीवर.