जॉबरतात्यांची एकच लाइन

लालबागला आमच्या चाळीखाली जॉबरतात्यांचा टेलिफोन बूथ होता आणि तिथे तात्या पोलिसापेक्षा कडक. पाच मिनिटं झाली की काचेवर टकटक. "गो बाय, सासूची गाऱ्हाणी उद्या सांग. मागे लोकां उभी आसत!" आतली बाई लाजून फोन ठेवायची आणि बाहेर आम्ही फिदीफिदी हसायचो.

संपाआधी ते मिलमध्ये जॉबर होते. रोज सकाळी गेटवर जमलेल्या बदली कामगारांतून कोणाला आत घ्यायचं, ते हेच ठरवायचे. संपात मिल गेली, पण माणसं रांगेत उभी करायची सवय काही गेली नाही.

पुढे भाच्यानं त्यांना एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. ईमेलची सोय झाली, पण लाइन तीच एक. कॉम्प्युटर जोडला की फोन बंद, फोन उचलला की ईमेल अर्ध्यावर तुटली. तात्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला: बोलणारा आधी, कागदवाला मागून. ईमेलला ते कागदच म्हणत. "बोलणाऱ्याक धीर नसता. कागद काय, थांबता बापडो." ऐकायला छान हो! पण बोलणारे संपतील तर ना?

माझा नोकरीचा अर्ज बंगळूरला पाचच्या आत पोचायला हवा होता. मी दोनपासून फ्लॉपी घेऊन स्टुलावर. एक जण येऊन गावी आंबे उतरवले का ते विचारून गेला. एकीनं बहिणीला बांगड्याच्या तिखल्याची कृती सांगितली, तीही दोनदा. साडेचारला तात्या म्हणाले, "आता लाइन कोणाकच नाय. उद्या ये."

माझं डोकंच फिरलं. "तात्या, मी काय बदली कामगार आहे? रोज गेटवर उभं राहायचं आणि कायमवाले आले की घरी जायचं?"

तात्यांचा चेहरा पार उतरला. मी जीभ चावली. त्यांनी फोनची वायर काढून कॉम्प्युटरला लावली आणि दारात स्टूल आडवं टाकलं. अर्ज दोनदा अडकला. पाचाला चार मिनिटं असताना गेला आणि मी अक्षरशः उड्या मारल्या.

वायर परत लावली तोच फोन वाजला. सावंतवाडीहून जावई. तात्यांची लेक बाळंतपणात अडली होती, साडेचारपासून लाइन त्यांना याच फोनसाठी मोकळी ठेवायची होती आणि तो बिचारा अर्धा तास नंबर फिरवत होता. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो तात्या, सांगायचं नाही का?"

"सांगून काय? पोर व्हायचा ता झालाच असता, फोन लागो नायतर न लागो. तुझो कागद मात्र गेलो नसतो."

दुसऱ्या दिवशी बूथवर नवा कायदा लागला: तीन बोलणारे झाले की एक कागदवाला. आज मी फोन कंपनीत आहे. लाइनवर गर्दी झाली की आधी बोलणं पुढे सोडायचं की मजकूर, यावर आमच्या तासन्‌तास बैठका चालतात. तात्या आता नाहीत. असते तर पाच मिनिटांत काचेवर टकटक केली असती.

नवा कायदा लागला त्या सकाळी मी पेढे घेऊन गेले, तर तात्या नातीचं रडणं ऐकायला फोन लावणार होते. पण तीन बोलणारे नुकतेच होऊन गेले होते. कॉम्प्युटरवर कोणी कॉलेजातला पोरगा आरामात एकेक अक्षर शोधत टाइप करत होता. आणि तात्या, स्वतःच्याच बूथमध्ये, हात बांधून रांगेत उभे होते.