बोनेट थंड होईपर्यंत

तापलेल्या गाडीचं रेडिएटर लगेच उघडता येत नाही. अर्धा-पाऊण तास थांबावंच लागतं. तेवढ्यात चहा येतो, दुसऱ्या कुणाची तरी उकळलेली गाडी येते आणि काहीतरी घडतं. असे थांबून थांबून बदनापूरच्या कडुबामामांच्या गॅरेजचे किस्से माझ्याकडे एवढे साठलेत की गाडी विकली तरी ते उरतील! मी बदनापूरला शाळेत शिकवतो, राहतो जालन्यात. गाडी वडिलांची, पंचवीस वर्षांची. तापटही वडिलांसारखीच.

*

पहिल्या भेटीची गोष्ट. बोनेटमधून वाफ निघत होती. मी रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मागून ऑइलनं माखलेला एक हात आला आणि त्यानं माझं मनगट पकडलं.

"तुम्ही मास्तर ना?"

"हो."

"मंग? आत दाबलेलं उकळतं पाणी हाय. झाकण फिरलं की बराबर तोंडावर येतंय!"

मामांनी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग. "मी बी एकदा घाई केल्ती. बसा. तुम्ही चहा प्या, तिला श्वास घेऊ द्या."

मी कोणता विषय शिकवतो, हे त्यांनी विचारलं नाही. बरं झालं. मी विज्ञान शिकवतो!

*

एका गिऱ्हाइकाला पक्कं वाटत होतं की त्याच्या गाडीचा वॉटर पंप गेलाय. मामा म्हणाले, थर्मोस्टॅट अडकलाय. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट उघडून देणारा छोटासा व्हॉल्व्ह. गिऱ्हाईक ऐकेना. मामांनी व्हॉल्व्ह काढला आणि थेट शेजारच्या सुमनताईंच्या चहाच्या टपरीवर गेले.

"ताई, एक पातेलं द्या. साधं पाणी ठेवा."

दोरीला बांधलेला व्हॉल्व्ह पाण्यात सोडला. पाणी खळाखळा उकळलं, व्हॉल्व्ह काही हलेना.

"बघा, घर पेटलं तरी ह्याचं दार बंद!"

तेवढ्यात चहाला आलेला एक प्रवासी पातेल्यात डोकावला. "ताई, हे काय टाकलं?"

सुमनताई शांतपणे म्हणाल्या, "कडक पाहिजे म्हणले, म्हणून लोखंड टाकलं!"

*

जालन्याचे एक शेठजी दर चतुर्थीला जुन्या गाडीनं राजूरच्या गणपतीला निघायचे आणि दर चतुर्थीला गाडी अर्ध्या वाटेत उकळायची. तीन गॅरेज झाली. रेडिएटर नवीन, पंप नवीन, पाइप नवीन. शेठाणी म्हणू लागल्या होत्या, देवाच्याच मनात नाही.

शेवटी गाडी मामांकडे आली. त्यांनी इंजिन चालू करून पंखा सुरू होऊ दिला. मग वर्तमानपत्राचं एक पान गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरलं. पंखा हवा आत ओढतो, म्हणजे पान जाळीला चिकटायला हवं. ते उडून शेठजींच्या अंगावर आलं!

"शेठ, पंख्याच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात कोणीतरी. पंखा उलटा फिरून राह्यला. तुम्ही इंजिनला न्हाई, रस्त्याला हवा घालून राह्यलात!"

दोन वायरी बदलायला पाच मिनिटं लागली. शेठाणी पदर सावरत म्हणाल्या, "भैया, आधी तुमच्याच दर्शनाला यायला पाहिजे होतं."

*

मामा चुकत नाहीत असं नाही. आमच्या शाळेच्या क्लार्कच्या गाडीला त्यांनी सांगितलं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं पातळ पॅकिंग, गेलं. अख्खं इंजिन खोललं. गॅस्केट ठणठणीत! दोष निघाला रेडिएटरच्या झाकणातल्या ढिल्या स्प्रिंगचा.

संध्याकाळी क्लार्क आला. गॅरेजात आम्ही चार-पाच जण. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "गॅस्केट चांगलं होतं. मी उगंच खोललं. चूक बिलकुल माझी."

क्लार्कच ओशाळला. "मामा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?"

"तुला न्हाई. पण गाडी पुन्हा माझ्याकडंच येणार ना. तिच्या तोंडाकडं कसं बघू?"

*

आणि ही मे महिन्यातली, भर दुपारची. माझी गाडी रेडिएटर काढून उभी होती. तेवढ्यात जवळच्या खेड्यातली एक जुनी गाडी वाफा सोडत दारात थांबली. मागच्या सीटवर बाळंतपणाला निघालेली लेक, तिच्या कळा सुरू झालेल्या. शेजारी आई. गाडी चालवणारा बाप, धोतराच्या सोग्यानं घाम पुसत. "ॲम्ब्युलन्स दुसरीकडं गेल्ती हो. जालन्याला पोचवा कसंबी!"

पाण्याचा पाइप फाटला होता. मामांनी एकदा तिकडं पाहिलं, एकदा माझ्या गाडीकडं.

"सर, तुमचा पाइप गेला."

मी मान हलवेपर्यंत तो निघालाही होता. पाइप बसला, पाणी हळूहळू भरलं. पण रेडिएटरही अर्धं तुंबलेलं. मामांनी लेकीच्या आईच्या हातात ओला टॉवेल दिला आणि बापाला बजावलं, "हीटर फुल चालू ठेवायचा. इंजिनाची गरमी आत येईल, इंजिन वाचंल. काचा उघड्या ठेवा. अन् मी सांगेस्तोवर हीटर बंद करायचा न्हाई!"

"ह्या उन्हात हीटर?"

"जा जल्दी!"

गाडी गेली. मामा दुसऱ्या कामाला लागले, पण पाना हातातून दोनदा निसटला. तासाभरानं फोन वाजला. मामांनी स्पीकर लावला. पलीकडे बाप, धापा टाकत.

"मामा, पोचलो टायमावर. आत्ताच पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत."

मामांनी डोळे मिटले. "लई चांगलं झालं. तुम्ही कुठं हाव?"

"दवाखान्याच्या दारात, गाडीतच बसून राह्यलो." मग जरा थांबून, अगदी अदबीनं, "मामा, आता हीटर बंद करू का?"