साहेबांनी विचारलेला पासवर्ड

“निकमबाई, पासवर्ड काय ठेवलाय आपण?” पवारसाहेबांनी विचारलं आणि निकमबाईंनी तो सांगून टाकला. उठून, उभं राहून सांगितला.

“झालं तर मग. मी आत,” साहेबांनी टेबलावरचा फासा बाजूला सारला. टेबलाभोवतीची सगळी मंडळी माझ्याकडे पाहायला लागली. निकाल मी द्यायचा होता, कारण खेळ माझा होता आणि नियमही मीच लिहिले होते.

आधी थोडं मागचं सांगतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत विश्रामबागला माझा कॉम्प्युटर क्लास होता. शिवाय ऑफिसांमध्ये कॉम्प्युटर बसवून स्टाफला ट्रेनिंग द्यायची कामं मी घ्यायचो. साताऱ्याच्या एका पतसंस्थेचं काम चालू होतं. मशीन्स आली, केबल टाकून झाली, सर्व्हर सुरू झाला. सर्व्हर म्हणजे सगळा कारभार ज्यात साठतो तो मुख्य कॉम्प्युटर. घोडं अडलं ते पासवर्डपाशी. पासवर्ड ही कुलपाची किल्ली आहे, ती आपल्यापाशीच ठेवायची, हे मी घसा बसेपर्यंत शिकवलं. तरी ज्याचा त्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरवर चिकटवलेला.

कॅशियर मानेअण्णांना मी याचं कारण विचारलं. “आवं सर, मी रजंवर गेलो तर दुसऱ्याला कसा घावायचा?” ते म्हणाले. माणूस दुष्काळी माणदेशातला. पाण्याच्या हंड्यावर झाकण ठेवायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नसेल, पण पासवर्डावर ठेवायचं काही जमेना.

मग मला हॉस्टेल आठवलं. कॉलेजात असताना आम्ही एका इंग्रजी खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स मिळवली होती. त्या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, मी अमुक करतो असं तोंडानं सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरवायचं. एक जण गोष्ट चालवतो आणि भांडणं मिटवतो. त्याला गेम मास्टर म्हणतात. त्यात हॅकिंगचं, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये चोरून शिरण्याचं, एक प्रकरण होतं. ते लिहिणाऱ्याला तरी कळलं होतं की नाही, देव जाणे. त्यातल्या एकेका वाक्यावरून आमच्या रूममध्ये अबोले व्हायचे. तेच प्रकरण मी मराठीत आणलं आणि पतसंस्थेच्या मीटिंग हॉलमध्ये मांडलं.

नियम सोपे आहेत अशी माझी समजूत होती. हॅकरला पाच किंवा सहा पडले की कुलूप फुटलं. पासवर्ड त्यानं बोलून काढून घेतला तर फाशाची गरज नाही. ज्याचं नाव वापरून तो आत शिरेल, त्याचं कॉम्प्युटरवरचं खातं खेळ संपेपर्यंत बंद. आणि आत शिरल्यावर पैसे हलवायचे तर मॅनेजरच्या खात्यातून मंजुरी हवी, खऱ्या ऑफिसात होती तशीच.

मॅनेजर म्हणजे पवारसाहेब. त्यांनी हौसेनं हॅकरचं पात्र मागून घेतलं. सर्व्हर सांभाळायचं पात्र निकमबाईंकडे दिलं. हा नुसता खेळ असता तर मीही मजा घेतली असती. पण साहेबांनी सकाळीच जाहीर केलं होतं, की खेळ संपेपर्यंत हॅकरला पैसे हलवता आले नाहीत तर कॉम्प्युटर सेक्शन बाईंकडे, नाहीतर त्यांची बदली मेढ्याच्या शाखेत. मेढ्याला कॉम्प्युटर नव्हता, लवकर येणारही नव्हता. बाकीचा स्टाफ कीबोर्डला हात लावायच्या आधी नमस्कार करायचा तेव्हा या बाई माझ्या मागे लागून एकेक कमांड शिकल्या होत्या. त्या जाव्यात असं मला अजिबात वाटत नव्हतं.

फासा साहेबांना ओळखत नव्हता. एक, दोन, पुन्हा एक. शेवटी वैतागून त्यांनी रोजच्या आवाजात पासवर्ड विचारला आणि वर सांगितलेला प्रकार झाला.

“सर, हे चिटिंग आहे,” निकमबाई रडकुंडीला आल्या. “मला वाटलं, साहेब खरंच विचारतायत.”

“नियमात काय लिवलंय?” साहेब म्हणाले. “बोलून काढला तर फासा नको. मी बोललो, बाईंनी दिला. कुठं चुकलं?”

“पण बोललं कोण, साहेब? हॅकर की मॅनेजर?” मी विचारलं.

“आवं, दोघं एकच की!”

“न्हाई सायेब,” मानेअण्णा म्हणाले. “हॅकरला बाईंनी प्यायला पाणीबी दिलं नसतं.”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. नियम मुका असला की तो कशासाठी केला ते बघावं, एवढं मी हॉस्टेलच्या भांडणांतून शिकलो होतो. म्हणालो, “तुम्हीच ठरवा. मॅनेजरनं विचारलं असेल तर हॅकर काही बोललाच नाही, त्याची पाळी वाया गेली. हॅकरनं विचारलं असेल तर तो आत. पण मग तो मॅनेजरच्या नावावर आत शिरलाय.”

साहेबांनी चष्मा लावून नियम वाचला. “म्हंजी माझं खातं बंद?”

“खेळ संपेपर्यंत.”

पुढच्या सगळ्या शाखांचं काम याच साहेबांच्या सहीवर मिळणार होतं, हे मला तेव्हा आठवलं. जरा आधी आठवलं असतं तर बरं झालं असतं.

“हॅकरनंच विचारलं,” साहेब हट्टानं म्हणाले. मी हॅकरला आत घेतलं आणि मॅनेजरचं खातं बंद केलं. आता पैसे हलवायला मंजुरी द्यायची कोणी? साहेब आत जाऊन नुसतेच बसले.

“मांजर शिंक्यावर चढलं आन् मडकं रिकामं,” मानेअण्णा पुटपुटले.

साहेब खुर्चीत ताठ झाले. “निकमबाई, बास झाला ह्यो खेळ. मॅनेजर म्हणून सांगतोय, माझं खातं चालू करा.”

बाई सवयीनं अर्ध्या उठल्या. मग सावकाश खाली बसल्या.

“खेळ संपला असं सरांनी सांगितलेलं नाही. खातं चालू होणार नाही.”

“मग मघाशी ‘न्हाई’ का म्हणाला नाहीत?” साहेबांनी विचारलं.

“मघाशी तुम्ही साहेब होता.”

“आन् आता?”

“आता तुमचं खातं बंद आहे.”

साहेबांनी फासा उचलून माझ्या हातात दिला. “संपवा, सर. हितं मला न्हाई म्हणणारं एक तरी मानूस पायजे.”

कॉम्प्युटर सेक्शन निकमबाईंना मिळालं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या सहीचं सर्क्युलर काढलं, की पासवर्डाबाबत मॅनेजरचीही तोंडी सूचना मानू नये. मानेअण्णांनी मॉनिटरवरची चिठ्ठी काढली आणि ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवली.

थोड्या दिवसांनी क्लासमध्ये साहेबांचा फोन आला. “सर, मी माझा पासवर्ड इसरलो. बाई नवीन देईनात. लेखी अर्ज मागत्यात.”

“सर्क्युलर तुमचंच आहे, साहेब.”

“त्ये मलाबी लागू हाय व्हय?” ते म्हणाले. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, “बरं, अर्जात वर ‘माननीय’ लिवावं लागंल का?”

पुढे मी बऱ्याच ऑफिसांत पासवर्ड शिकवले. नियम थोडा विस्कळीत असला तरी निभावतं. सर्व्हरपाशी एक निकमबाई मात्र लागते.