सुजाता आणि एक चुकलेला ‘का’

सुजाता गेल्याचं मला शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. वर प्रशिक्षणाच्या हजेरीची सूचना, खाली कुणीतरी टाकलेला सुविचार आणि मधे तिचा फोटो. ‘अचानक निधन’. मग जोडलेल्या हातांची रांग लागली. मी फोन पालथा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला… तेव्हापासून एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही मधेच उठते आणि ओट्यावरची भांडी उगाच इकडची तिकडे करते. महिना उलटून गेला. तिच्याबद्दल लिहायचं म्हटलं की अजूनही आधी राग येतो, आणि तो नेमका कुणावर, हे काही ठरत नाही.

अध्यापक विद्यालयात आम्ही दोघी एका बाकावर होतो. ती अनसिंगची, मी मंगरूळपीरची. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि घरातल्या मुलींनाही शाळेत धाडलं, हे ती मान ताठ करून सांगायची. वाचनाचं वेड मात्र तिचं स्वतःचं. आम्ही परीक्षेपुरत्या व्याख्या घोकायचो, आणि ही वर्तनवाद, ज्ञानरचनावाद, बालविकासाचे टप्पे असं काय काय वाचून चहाच्या टपरीवर भांडायची. “तू लेकराले मडकं समजतं काय वं? वरून ओतलं का भरलं?” मी म्हणायची, “पाढे ओतल्याबिगर येत नाईत, बाई.” मग ती फुगून बसायची आणि एसटीत शिरली की खिडकीजवळची जागा माझ्यासाठीच धरायची. अशा माणसावर रुसणार तरी किती?

पुढे जिल्ह्यातल्या दुसरीच्या वर्गांसाठी पूरक पुस्तिका करायची ठरली. समितीत आम्ही दोघीही होतो. कोणत्या वयात मुलाला काय समजतं ते आधी तपासू, मग अभ्यासक्रमात काय घालायचं ते ठरवू, हा सुजाताचा आग्रह. तो सगळ्यांना पटला, मलासुद्धा. पुस्तिकेत ‘असं का झालं?’ नावाचा एक घटक होता. चित्र दाखवायचं आणि कारण विचारायचं. धनजच्या शाळेत त्याची चाचणी झाली. प्रश्न सुजाताने लिहिले होते, विचारलेही तिनेच. “हे झाड का सुकले?” पोरं एका सुरात ओरडली, “हो मॅडम!” “घागर का फुटली?” “हो मॅडम!” आम्ही मागे बसून हसू दाबत होतो आणि सुजाता गंभीर चेहऱ्याने टिपून घेत होती. या वयात कार्यकारणभाव विकसित झालेला नाही, असा निष्कर्ष तिने लिहिला. ती वाचत होती त्या पुस्तकांचा रोखही तसाच होता. घटक दुसरीतून उचलून चौथीच्या पुस्तिकेत टाकला गेला. त्या जागी रंग भरायचं पान आलं आणि पुस्तिका छापून शाळाशाळांत पोचली.

नंतर एका रविवारी तिचा फोन आला. “कल्पना, मी गाढव हाय.” मला वाटलं, गॅसवर काहीतरी करपवलं असेल. घडलं होतं ते असं. तिची लहानगी भाची राहायला आली होती. चहाचं दूध फाटलं. पोरीने विचारलं, “मावशे, दूध काहून फाटलं?” आणि मावशीच्या आधी स्वतःच सांगून टाकलं, “कालचं होतं, म्हून.” सुजाता तिथेच खाली बसली. आमच्याकडची पोरं कारण विचारतात ते ‘काहून’ म्हणून. प्रश्नातला ‘का’ त्यांच्या घरी फक्त ‘जेवला का, आला का’ यात येतो. मॅडम ‘झाड सुकलं का’ असं विचारतायत, असं वाटून धनजच्या पोरांनी झाडाकडे पाहिलं, झाड सुकलेलं होतं, त्यांनी हो म्हटलं. “त्याईचं उत्तर बरोबर होतं वं. माहा सवाल चुकला,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “अनसिंगची पोट्टी मी. काहून काहून करतच मोठी झाली. मले कसं नाई समजलं?”

मला विचाराल तर त्यात रडण्यासारखं फार नव्हतं. शिकता शिकता आपला कान पुस्तकी होतो, माझाही झालाच आहे. पण तिला चैन पडेना. ती समितीकडे गेली. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “मॅडम, निष्कर्ष तुमचाच आहे. आता पुस्तिका बदलायची तर तसा नवा पुरावा आणा.” मी तिला म्हटलं, सोड ना, एका घटकाने काय होतं? ती उसळली. “दुसरीत कोनी काहून विचारलंच नाई, तर लेकरू विचारनंच सोडते. मंग चौथीत काय डोंबलाचं शिकवतं?” मग ती पुराव्याच्या मागे लागली. भेटली की तेच, फोनवर तेच. वाळत चालली होती. शुगर जुनीच होती तिला. गोळ्या घेतेस ना, असं विचारलं की म्हणायची, “हो वं, तू आईवानी नको करू.”

तिने मागितलेली पुस्तिकेची फेरतपासणी आता खरंच होणार आहे आणि सुजाताच्या वतीने बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. म्हणून मागच्या आठवड्यात तिच्या वर्गात जाऊन आले. दुसरीचा वर्ग. खिडकीखाली समोरासमोर दोन बसकरं अंथरलेली, आणि दाटीवाटीने बसलेल्या पोरांतलं एकही तिकडे सरकत नव्हतं. “तथी मॅडम बसत,” कुणीतरी सांगितलं. तेवढ्यात तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची एक पोरगी उभी राहिली.

“मॅडम काहून मेल्या?”

“असं नाही विचारायचं, बाळा,” नव्या बाई घाईने म्हणाल्या. “अचानक गेल्या त्या.”

पोरीने मान हलवली. “अचानक नाई. त्या जेवाच्या सुट्टीत जेवतच नव्हत्या. तथी एकेकाले बसवत, चित्र दाखवत अन् काहून म्हून विचारत. त्याईले शुगर होती. माह्या आजीले बी हाय. ती टायमावर नाई जेवली का चक्कर येऊन पडते.”

नव्या बाई माझ्याकडे पाहू लागल्या. सुजाता ज्यासाठी धडपडत होती तो पुरावा माझ्यासमोर उभा होता, आणि मला तो ऐकवत नव्हता. आम्ही मोठी माणसं महिनाभर ‘अचानक’ म्हणून वेळ मारून नेत होतो. तिच्याशी बोलायला हवं म्हणून मी खिडकीखालच्या बसकरावर बसले. पोरगी आली आणि बिनधास्त समोरच्या बसकरावर बसली.

“तुमी मॅडमच्या मैत्रीन ना?”

“हो.”

“मंग तुमी त्याईले जेवाले काहून नाई सांगितलं?”