डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, धाकट्या भावाला नाही. आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवे होते त्या माझ्या बहिणीला, शेवंताला, तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मधेच थांबवून 'छे छे अण्णा, तुम्ही असं करणारच न्हाई' असे तुम्ही म्हणणार नाही. निपाणीत असे म्हणणारे फार झाले आहेत.

गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला. बेळगावच्या ज्या इस्पितळात आईच्या तोंडाच्या कर्करोगावर उपचार झाले, तिथे मी सोळा वर्षे दर सोमवारी आणि गुरुवारी जातो. सदलग्याकडून, खानापूरकडून मराठी माणसे येतात. त्यांना डॉक्टरांचे कन्नड समजत नाही. मी दोघांच्या मध्ये बसून इकडचे तिकडे सांगतो. सत्काराच्या वेळी एक पत्रक वाटले गेले. मजकूर माझ्या भावाचा, बाळूचा. त्यातले बरेचसे खोटे आहे, आणि ते खोडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

बाळू लिहितो, 'दोघा भावांनी आईची अहोरात्र सेवा केली.' दोघा? बाळू आजारपणाच्या आठ महिन्यांत तीन वेळा आला. प्रत्येक वेळी शहाळी घेऊन आला, आणि आईला गिळवत नाही असे पाहून ती स्वतःच पिऊन गेला. सेवा मी केली. पातळ पेज गाळून चमच्याने भरवली, गालावरची जखम रोज दोनदा धुतली, तिच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपलो. ते खरे आहे. ते कुणी खोटे म्हटले तर मी आजही भांडेन.

आमच्या गल्लीत आणखी एक गोष्ट सांगतात — कानडी डॉक्टरांनी मराठी बाईकडे लक्ष दिले नाही म्हणून ती गेली. साफ खोटे. त्या डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आईचा हात हातात घेऊन तपासले होते. सीमेच्या भांडणात मी आयुष्यभर मराठीच्या बाजूने उभा राहिलो, लाठीही खाल्ली. पण या बाबतीत गल्ली खोटे बोलते हे मला जितके ठाऊक आहे तितके कुणालाच नाही. मग सतरा वर्षांत मी ते एकदाही का खोडले नाही?

कारण खोडले असते तर पुढचा प्रश्न आला असता.

पत्रकातले तिसरे वाक्य असे — 'आईने स्वतःच शस्त्रक्रिया नाकारली आणि अण्णांनी तिचा शब्द मोडला नाही.' हे वाक्य व्यासपीठावरून वाचले गेले. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत शेवंता पदर तोंडात धरून रडत होती. मी हार सावरत बसलो होतो.

ती का रडत होती ते सांगितले पाहिजे. निर्णयाच्या आदल्या दिवशी ती इस्पितळात आली होती. आईच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "चिरू दिऊ नगंस गं आई, त्वांड बिघडवत्यात ती मानसं." एवढेच. घाबरलेल्या लेकीचे बोलणे. आई गेल्यावर दहाव्याच्या दिवशी बाळूच्या हाती इस्पितळातला कागद लागला — शस्त्रक्रियेस नकार, खाली आईची सही. बाळूने सर्वांसमोर विचारले, हे काय? मी म्हणालो, तिनेच नको म्हटले. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. शेवंता भिंतीला टेकून खाली बसली. "माझ्या रडन्यापायीच न्हाई म्हनाली आई," असे ती त्या दिवशी म्हणाली आणि त्यानंतर दर वर्षी म्हणते. आईच्या श्राद्धाच्या पंगतीला ती बसत नाही. वाढते, आवरते, आणि उपाशी परत जाते.

मी जेवतो.

आता तो दिवस. आईचे माहेर कागलचे. लग्नानंतर तिने निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तीस वर्षे काम केले — चाळण्या मारल्या, पोती शिवली — पण बरोबरच्या बाया सगळ्या मराठी. तिचे कन्नड बाजारात भाजीचा भाव विचारण्यापुरते. माझे कन्नड मात्र या भागात कुणाच्याही तोडीस तोड. मी मराठी शाळेचा मुख्याध्यापक होतो, आणि कन्नड शत्रूच्या भाषेसारखे नीट शिकलो होतो. म्हणून त्या खोलीत मध्ये बसायला मीच योग्य, असे सर्वांनी धरले. मीही.

डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या. सावकाश, मध्ये मध्ये थांबून, मला सांगायला सवड देत. त्या थांबत तेव्हा मी आईला काही सांगितले नाही. मान हलवत राहिलो. त्यांचे संपल्यावर मी आईला म्हणालो, "डॉक्टर म्हनत्यात, चिरायची गरज न्हाई. मशिनीच्या शेकावर भागतंय." आई म्हणाली, "बरं झालं रं बाबा." मी डॉक्टरीणबाईंकडे वळलो आणि शुद्ध कन्नडमध्ये सांगितले — ती नको म्हणते.

झाले. हेच ते.

त्यांनी पुन्हा विचारले, तिला नीट कळले आहे ना? मी म्हणालो, पूर्ण. मग कागद आला, कन्नडमधला. औषधाचा कागद आहे, सही कर, असे मी आईला सांगितले. ही सही तिला मीच शिकवली होती, मी चौथीत असताना, पाटीवर, महिनाभर. वखारीत अंगठा उठवायची तिला लाज वाटे म्हणून. तिने पेन घट्ट धरले, जीभ दातांत धरली, आणि आपले नाव न चुकता लिहिले.

का केले? स्वतःला मी वर्षानुवर्षे सांगितले की तिला वेदना नको होत्या, या वयात काय चिराफाड. खोटे आहे. त्या सकाळी बाहेरच्या बाकावर मी एक माणूस पाहिला होता. तेच ऑपरेशन झालेला. एका बाजूचा गाल आत गेलेला, हनुवटीखाली टॉवेल, त्यात लाळ गळत होती. तो माझ्याकडे पाहून हसला — हसला असावा. आणि माझ्या मनात आले की हा चेहरा आता माझ्या दारातल्या कट्ट्यावर बसणार. शाळेतले लोक, पाहुणे, पालक येतील आणि हा चेहरा त्यांना 'या' म्हणेल. मला आईच्या मरणाची भीती वाटली नाही. मला तिच्या चेहऱ्याची लाज वाटली. एवढी क्षुद्र गोष्ट होती ती.

तो चेहरा चुकलाही नाही. पाचव्या महिन्यात गाठ गालातून फुटली. ज्या गालाला मी भ्यालो त्याला पडलेले भोक मीच दोन्ही वेळा धूत होतो. लोक पाहायचे आणि म्हणायचे, लेक असावा तर असा.

तिला कळले होते का? एकदा जखम बांधताना ती म्हणाली, "ती डॉक्टरीण लई येळ बोलली रं. तू एवढंसंच सांगितलंस." मी म्हणालो, "कानडीत लांबण असती, आई." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "व्हय. असंल."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मी इस्पितळात जाऊ लागलो ते ती गेल्यावर वर्षभराने. तिथे माझा एक नियम आहे, त्यावरून मला खडूस म्हणतात. डॉक्टरांनी एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. मी ते वाक्य पुरे सांगणार, मगच दुसरे. रुग्णांची मुले डोळ्यांनी खुणावतात, आजीला हे सांगू नका. परवा चिकोडीच्या एकाने माझा हात दाबला. मी हात सोडवून घेतला आणि सांगितले. लोक याला परतफेड म्हणतात. काय परत केले मी? ज्यांना सांगितले ती माणसे वेगळी होती.

तुमच्यासाठी म्हणून लिहायला घेतलेला हा कागद उद्या शेवंताकडे जाईल. ती अक्षरावर बोट ठेवून हळूहळू वाचते; मी वाचून दाखवणार नाही. आईसाठीचे ते बोलणे निदान तिच्यापर्यंत मधल्या माणसाशिवाय पोचू दे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या —

'आजी, गाठ डाव्या गालात आणि जबड्यात आहे. ती काढता येईल. गाल आणि जबड्याचा थोडा भाग जाईल. मांडीचे कातडे घेऊन तिथे लावू. चेहरा बदलेल, ते मी लपवत नाही. काही आठवडे नळीने जेवावे लागेल. बोलणे पहिल्यासारखे राहणार नाही, पण घरच्यांना समजेल. गाठ अजून मानेत उतरलेली नाही. आत्ता काढली तर तुम्ही बरीच वर्षे जगाल असे मला वाटते. नुसत्या किरणांच्या शेकावर ठेवली तर तसे वाटत नाही. भीती वाटली तर त्यात काही वावगे नाही. पण हे ठरवायचे तुम्ही, मुलाने नाही. तुम्हाला काय हवे आहे?'

शेवटचा प्रश्न त्यांनी आईकडे पाहून विचारला. आई माझ्याकडे पाहत होती.