चक्कीवरचं भूत

तुमच्या चित्रांत तो पांढऱ्या भुवयांचा माणूस सारखा का येतो, असं मला एका ऑनलाइन कार्यक्रमात एकानं विचारलं. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढून मी पोट भरते, आणि प्रश्न अगदी रास्त होता. माझं भूत असो, चोर असो की खडूस म्हातारा, त्याच्या भुवया-पापण्या पांढऱ्याफटक असतात. खरं उत्तर मला ठाऊक होतं. पण मी डोळे किलकिले करून म्हटलं, "मी यवतमाळची. फुटलेल्या कापसाचं वावर लहानपणापासून डोळ्यांत भरलंय. तो पांढरा रंग काही केल्या सुटत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. त्या क्षणी मी मलाच फार आवडले.

आमच्याकडे शेत-वावर नाही, कधीच नव्हतं. बोरी अरबला बाबांची पिठाची चक्की आहे, बस.

थोड्या दिवसांनी नवं पुस्तक घेऊन मी गावी गेले. एसटीतून उतरून सरळ चक्कीवर. बाजाराचा दिवस होता, दळणाचे डबे दारापर्यंत आले होते. मला बघताच बाबांनी चक्की थांबवली. गिऱ्हाईक उभं असताना ते असं कधी करत नाहीत. "आली का माय," म्हणाले आणि मला बसायला बाकावरचं पीठ हातानं झटकू लागले. हातालाही पीठच, त्यामुळे बाक होता तसाच राहिला.

"तुहा कार्यक्रम पाह्यला," ते म्हणाले. "इथं साऱ्याइले दाखवला. पन कापूस काहून सांगतला तू? आपलं तं वावरच नाही."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"तसं बोलावं लागते बाबा," मी म्हटलं आणि माझे कान तापले. खरं तर पीठ सांगितलं असतं तरी लोकांनी माना डोलावल्याच असत्या, कदाचित जरा जास्तच. पण मग पुढचा प्रश्न आला असता. हा पिठाचा माणूस नेहमी भूत नाही तर चोरच का असतो?

त्याचं उत्तर शाळेत आहे. एकदा मी डबा विसरले आणि बाबा तो द्यायला चक्कीवरून तसेच आले. बाई वर्गात नव्हत्या. खिडकीत बाबांचा चेहरा दिसला, केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरा, आणि मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. पोरी काही बोलायच्या आत मीच उठले आणि फळ्यावर खडूनं भूत काढलं. बाबांचंच. सगळा वर्ग खो खो हसला. "काय मस्त काढते वं ही!" असं कुणीतरी ओरडलं. चित्रासाठी मला मिळालेली ती पहिली शाबासकी. त्या दिवसापासून मी वर्गातली चित्रकार झाले, आणि तेच भूत आजवर विकत आले आहे. लोक ज्याला प्रेरणा म्हणतात, ती माझ्याकडे ही एवढीच आहे. बाबा तोवर डबा ठेवून निघून गेले होते, असं मी धरून चालले. विचारायची हिंमत कधी झाली नाही.

बाकावर मी हे सगळं गिळत बसले होते, तेवढ्यात दळणाला आलेल्या एका मावशीनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं. वडावरच्या भुताचं पान उघडलं, एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे. "अवं माय! हे भूत तं भाऊच हायेत!" बायका हसायला लागल्या. पुस्तक हातोहात फिरलं आणि शेवटी बाबांकडे आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ ते पान बघितलं.

"भुवया बराबर काढल्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "मांगच्या पुस्तकातबी मीच होतो का?"

"हो."

"तिथं काय करत होतो?"

"चोर होता, बाबा."

बायका पुन्हा हसल्या. बाबाही हसले, पण जरा उशिरा. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं. चक्की सुरू झाली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज तर अजून जास्त वाटते.

रोज संध्याकाळी बाबा अंगावरच्या पिठासकट घरी येतात, आधी चहा, मग आंघोळ. त्या दिवशी ते चक्कीवरच तोंड धुऊन आले. केस ओले, नीट भांग पाडलेला, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. अंगणात माझ्यासमोर खुर्ची ओढून ताठ बसले.

"काढ आता," म्हणाले. "कधी एखांदा चांगला मानूस लागला पुस्तकात, तं कामी येईन."

मी कागद घेतला आणि त्यांच्याकडे बघितलं. चेहरा स्वच्छ होता. भुवया मात्र पांढऱ्याच होत्या. बाबा कधी म्हातारे झाले, ते मला पिठाखाली दिसलंच नव्हतं. पेन्सिल हातात धरून मी नुसती बघत राहिले.

माझं बघणं पाहून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि भुवया पुन्हा खसाखसा पुसल्या.

"पीठ राह्यलं का अजून?" त्यांनी विचारलं.